जुन्या मॉडेल रॉकेट संचाची पुनर्निर्मिती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अर्धेच भाग उरलेत. रॉकेट पुन्हा उभं राहील का?

बहुतेक वेळा राहतं. काय उरलंय त्यापेक्षा त्यातून किती मापं मिळतात हे महत्त्वाचं. बॉडी ट्यूबचा (पुठ्ठ्याच्या मुख्य नळीचा) एक तुकडा, एक अखंड फिन (शेपटीचा पंख) आणि नोज कोन (टोकाचा शंकू) हाती असेल तर काम सोपं आहे. तिन्ही नसतील पण सूचनापत्रक आणि फिनचे आराखडे असतील, तर आणखी सोपं. खरी अडचण येते ती इंजेक्शन मोल्डिंगचे खास प्लॅस्टिक भाग हरवले की. कॅप्सूल, इंजिनांच्या नळ्या, आकारदार फिन हे साच्यातून आलेले भाग असतात, ते कापून किंवा तासून हुबेहूब होत नाहीत. असा संच हाती घेण्याआधी ते भाग सुटे मिळतात का, किंवा त्यांचं थ्री-डी मॉडेल कुणी केलंय का, हे पाहून घ्या. बाकी सगळं कागद, पुठ्ठा आणि बाल्सा हे हलकं लाकूडच आहे.

पिशवी उघडल्यावर पहिलं काम कोणतं?

गोंद आणि ब्लेड दूर ठेवा. उरलेला प्रत्येक मूळ भाग हा नमुना समजा, कच्चा माल नव्हे. आधी नक्कल, मग काप. क्रम असा ठेवा:

१. प्रत्येक भागाचा फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून.
२. सपाट भागांचं (फिन, डेकल म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं, कागदी शंकू, सूचनापत्रक) ६०० डीपीआयवर स्कॅन. स्कॅनच्या काचेवर स्टीलची पट्टीही ठेवा.
३. व्हर्निअर कॅलिपरने ट्यूबचा आतला-बाहेरचा व्यास, बाल्साची जाडी, नोज कोनच्या खांद्याची (ट्यूबमध्ये शिरणाऱ्या भागाची) लांबी आणि व्यास.
४. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर प्रत्येक भागाचं वजन.

चौथी पायरी बरेच जण गाळतात आणि शेवटी रॉकेट शेपटीकडे जड का झालं ते कळत नाही. मूळ फिनचं वजन माहीत असेल तर नवा बाल्सा त्याच घनतेचा निवडता येतो.

संच नक्की कोणता हे कसं ओळखायचं?

पिशवीवरचा पुठ्ठा नसेल तर सूचनापत्रकाच्या कोपऱ्यातला क्रमांक बघा. एस्टेस या अमेरिकी कंपनीच्या सुरुवातीच्या संचांना 'के' क्रमांक होते: बिग बर्था के-२३, अल्फा के-२५, ऑर्बिटल ट्रान्सपोर्ट के-४२, मार्स लँडर के-४३. पुढे चार आकडी क्रमांक आले तेव्हा यांच्या आधी १२ लागला, म्हणून अल्फा १२२५ आणि मार्स लँडर १२४३.

सुट्या भागांचे संकेतही बोलके असतात. बीटी म्हणजे बॉडी ट्यूब, बीएनसी म्हणजे बाल्साचा नोज कोन, पीएनसी म्हणजे प्लॅस्टिकचा. बीएनसी-५० मधला ५० कोन कोणत्या ट्यूबमध्ये बसतो ते सांगतो आणि त्यापुढचं अक्षर आकार सांगतं. एआर-२०५० ही बीटी-२० ट्यूब बीटी-५० च्या आत मध्यावर धरणारी रिंग. पीके-१२ म्हणजे १२ इंची पॅराशूट. भागांच्या यादीचा अर्धा फाटका कागद मिळाला तरी या संकेतांवरून रॉकेटचा जवळपास सांगाडा मांडता येतो. उरलेल्या जागा जुन्या कॅटलॉगांच्या स्कॅनवरून भरता येतात, कारण त्यात लांबी, व्यास आणि वजन बहुधा छापलेलं असे.

ट्यूबचा व्यास 'जवळपास' जुळला तर चालेल का?

नाही. सगळ्यात जास्त काम इथेच वाया जातं. एस्टेस आणि सेंचुरी या दोन अमेरिकी कंपन्यांच्या ट्यूब दिसायला सारख्या, पण मापं वेगळी.

एस्टेसच्या ट्यूब, बाहेरचा आणि आतला व्यास इंचांत:
बीटी-५: ०.५४१ / ०.५१५
बीटी-२०: ०.७३६ / ०.७१०
बीटी-५०: ०.९७६ / ०.९५०
बीटी-५५: १.३२५ / १.२८३
बीटी-६०: १.६३७ / १.५९५
बीटी-७०: २.२१७ / २.१७५
बीटी-८०: २.६०० / २.५५८

सेंचुरीच्या:
एसटी-७: ०.७५९ / ०.७१५
एसटी-८: ०.९०८ / ०.८६५
एसटी-१०: १.०४० / १.०००
एसटी-१३: १.३४० / १.३००
एसटी-१६: १.६४० / १.६००
एसटी-२०: २.०४० / २.०००

फसवणाऱ्या जोड्या दोन. बीटी-६० आणि एसटी-१६ यांच्या आतल्या व्यासात फक्त ०.००५ इंचाचा, म्हणजे ०.१३ मिलिमीटरचा फरक आहे. एकाचा कोन दुसऱ्यात कागदाच्या पट्टीने किंवा जरा घासून चालवून घेता येतो. बीटी-५५ आणि एसटी-१३ मात्र चालवून घेऊ नका. तिथे फरक ०.०१७ इंच, सुमारे ०.४ मिलिमीटर आहे. एसटी-१३ चा कोन बीटी-५५ मध्ये शिरत नाही, आणि उलट केलं तर डुगडुगतो.

फार जुन्या एस्टेस संचांत बीटी-३० (०.७६७ / ०.७२५) आणि बीटी-४० (०.८२५ / ०.७६५) सापडतात. त्यांची भिंत जाड असते. चिमटलेली ट्यूब मोजताना एकाच जागी मोजू नका, तीन दिशांनी मोजून सरासरी घ्या. त्याहून बरं म्हणजे कागदाची पट्टी बाहेरून गुंडाळून परिघ मोजायचा आणि ३.१४१६ ने भागायचं. ट्यूब लंबगोल झाली तरी परिघ बदलत नाही.

मूळ ट्यूब पिवळी पडलीय, वाकलीय. वापरावी का?

पिवळेपणा रंगाखाली झाकला जातो. बघायचं ते इतकंच की बाहेरचा गुळगुळीत ग्लासिन थर सुटतोय का. सुटत असेल तर पातळ सायनोअॅक्रिलेट गोंदाचा थेंब कडेने सोडा, सुकल्यावर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने अलगद घासा. एखादी चुणी असेल तर आतून कपलर (आत बसणारी जोडनळी) घालून ती सरळ होते. चुणी फिनच्या मुळाशी किंवा मोटर माउंटच्या (दारूची मोटर धरणाऱ्या आतल्या नळीच्या) वर असेल तर मात्र ती ट्यूब उडवायच्या रॉकेटला वापरू नका, नवी घ्या. बीटी-२० आणि बीटी-५० ची भिंत जेमतेम ०.०१३ इंच असते. एकदा मोडलेला पुठ्ठा मोटरच्या धक्क्याने तिथेच पुन्हा मोडतो.

नोज कोन हरवलाय. नवा कसा करायचा?

आधी विकत मिळतो का बघा. सेमरॉक या नावाने एस्टेस आणि सेंचुरी दोन्हींच्या जुन्या आकारांचे बाल्साचे कोन पुन्हा निघाले, आणि जुना बीएनसी क्रमांकच वापरलेला असल्याने शोध सोपा होतो.

घरी करायचा तर चांगल्या, सरळ रेषांच्या बाल्साचा ठोकळा घ्या. रेषा कोनाच्या लांबीच्या दिशेने हव्यात. मध्यात ६ मिलिमीटरचं भोक पाडून लाकडी दांडी चिकटवा, ती ड्रिलच्या चकमध्ये पकडा आणि फिरवत घासा: ८० नंबरने आकार, १५० ने जवळ, ३२० ने शेवट. आकार डोळ्यांनी जुळवू नका. कॅटलॉगातल्या किंवा आराखड्यातल्या बाजूच्या चित्रावरून पुठ्ठ्याचा अर्धा नमुना कापा आणि मधेमधे लावून बघा.

खांदा सर्वात शेवटी करा. ट्यूबच्या आतल्या व्यासापेक्षा तो किंचित कमी, बीटी-५० साठी २४ मिलिमीटरच्या आसपास. कसोटी साधी आहे: कोन धरून रॉकेट लटकवलं तर स्वतःच्या वजनाने सुटू नये, हलक्या झटक्याने सुटावं. सीलर आणि रंगानंतर खांदा घट्ट होतो, म्हणून त्यावर रंग चढू देऊ नका.

थ्री-डी छापलेला कोन चालतो, पण तो बाल्सापेक्षा जड असतो. पुढचं वजन स्थिरतेला मदत करतं हे खरं. मात्र त्याच छोट्या मोटरवर उंची घटते आणि पॅराशूट उघडायच्या वेळी रॉकेट खाली पडू लागलेलं असतं.

एकच फिन शिल्लक आहे. बाकीचे?

त्यावरून गिरवा, पण फिनच्या कडेला पेन्सिल टेकवून नाही. पेन्सिलच्या टोकाची जाडी सर्व बाजूंनी जवळपास अर्धा मिलिमीटर वाढवते आणि तिन्ही नवे फिन मूळपेक्षा मोठे होतात. स्कॅन करून त्यावर रेषा आखा, १०० टक्के प्रमाणात छापा, छापलेल्या १०० मिलिमीटरच्या रेषेवर पट्टी ठेवून खात्री करा आणि मगच कापा. जुन्या डाय-कट (ठशाने दाबून कापलेल्या) फिनच्या कडा बऱ्याचदा चेपलेल्या असतात. माप चेपलेल्या कडेवरून न घेता सरळ रेषा वाढवून घ्या.

जाडी इंचांच्या अपूर्णांकांत असते: १/१६ (१.६ मिमी), ३/३२ (२.४ मिमी), १/८ (३.२ मिमी). बाल्सा निवडताना पूर्ण पत्रा तोला. ३ × ३६ इंचांचा, ३/३२ जाडीचा पत्रा १६ ते २६ ग्रॅम भरला तर तो घनफुटाला ६ ते १० पौंडांच्या पट्ट्यात बसतो, आणि फिनला हेच हवं. सगळे फिन एकाच पत्र्यातून काढा. रेषा पुढच्या कडेला समांतर ठेवा, मुळाला समांतर नाही. रेषा चुकल्या तर जमिनीवर टेकताना फिन मुळाजवळून तुटतो. ब्लेड नवं घ्या, तीन-चार हलके हात फिरवा. एका दमात दाबून कापलं की बाल्सा चिरतो.

ट्यूबवर खुणा करताना परिघाचे भाग करा. बीटी-५० चा परिघ ७७.९ मिलिमीटर, म्हणजे तीन फिनना २६.० आणि चार फिनना १९.५ मिलिमीटर अंतर. बीटी-६० चा १३०.६, म्हणजे ४३.५ आणि ३२.७. खूण लांबवर सरळ नेण्यासाठी ट्यूब दाराच्या चौकटीच्या काटकोनी खाचेत ठेवून कडेने रेघ ओढा.

फिनही नाहीत आणि आराखडाही नाही, फक्त कॅटलॉगातला फोटो आहे.

फोटोतल्या ट्यूबचा व्यास हीच तुमची मोजपट्टी. ट्यूब बीटी-५० आहे आणि फोटोत ६.२ मिलिमीटर रुंद दिसते, तर प्रमाण १ : ४. फिनचं मूळ, बाहेरची कड आणि टोकापर्यंतची उंची याच प्रमाणाने वाढवा. अडचण फोटो कोणत्या दिशेने काढलाय याची आहे. फिन कॅमेऱ्याकडे तिरका असेल तर त्याचा पसारा कमी दिसतो, मुळाची लांबी मात्र खरी राहते. चार फिनच्या रॉकेटमध्ये दोन फिन बरोबर बाजूला आलेला फोटो मिळाला तर उत्तमच. तीन फिनच्या रॉकेटमध्ये एक फिन कॅमेऱ्यासमोर असेल तर बाजूचे दोन ३० अंश वळलेले असतात, म्हणून त्यांचा दिसणारा पसारा ०.८७ ने भागा. कॅटलॉगात एकूण लांबी छापली असेल तर ती शेवटी ताडून बघा. पाच टक्क्यांहून जास्त फरक निघाला तर ट्यूब ओळखण्यातच गडबड आहे.

कागदी शंकू फाटलाय. त्याचा आराखडा कसा काढायचा?

दोन व्यासांच्या ट्यूब जोडणारा हा छाटलेला शंकू. तीन मापं हवीत: मोठा व्यास मो, लहान व्यास ल, उभी उंची उ.

तिरकी लांबी ति = √(उ² + ((मो − ल) ÷ २)²)
बाहेरच्या कमानीची त्रिज्या = ति × मो ÷ (मो − ल)
आतल्या कमानीची त्रिज्या = बाहेरची त्रिज्या − ति
पाकळीचा कोन = १८० × मो ÷ बाहेरची त्रिज्या

उदाहरण घ्या. बीटी-६० वरून बीटी-५० वर, उंची ५० मिलिमीटर. मो ४१.६, ल २४.८. तिरकी लांबी ५०.७, बाहेरची त्रिज्या १२५.५, आतली ७४.८, कोन ५९.७ अंश. चिकटवण्यासाठी ५ मिलिमीटरची पट्टी वेगळी सोडा. जाड कागद, साधारण १६० ते २०० ग्रॅम प्रति चौरस मीटरचा, आधी टेबलाच्या कडेवरून ओढून गोलावून घ्या. सरळ दुमडायला गेलात तर घड्या पडतात आणि रंगानंतर त्याच आधी दिसतात. चिकटल्यावर आतून पातळ सायनोअॅक्रिलेट मुरवलं की शंकू कडक होतो. हे काम मोकळ्या हवेत करा, वाफ डोळ्यांना झोंबते.

सूचनापत्रकातल्या मोटरचं नाव आज कुठेच सापडत नाही.

नावांची पद्धत बदलली. १९६० च्या दशकातल्या एस्टेस पत्रकांत बी.८-४ किंवा बी३-५ अशी नावं आहेत. त्यात मधला आकडा सरासरी जोर पौंडांत सांगतो, आज तोच न्यूटनमध्ये असतो. ०.८ पौंड म्हणजे सुमारे ३.६ न्यूटन, ३ पौंड म्हणजे १३ च्या वर. जुन्या कागदावरचं बी३ वाचून आजची दुबळी मोटर निवडली तर जड रॉकेट दांडीवरून पुरेशा वेगाने निघत नाही आणि कलंडतं. पहिलं अक्षर आणि शेवटचा आकडा, म्हणजे पॅराशूटच्या विलंबाचे सेकंद, यांवरून आजची जुळणी शोधा. ए८-३, बी६-४ आणि सी६-५ या आजच्या नेहमीच्या १८ मिलिमीटरच्या मोटर.

लांबीही तपासा. नेहमीची मोटर २.७५ इंच (७० मिमी) लांब. काही जुने संच 'एस' खुणेच्या १.७५ इंची (४४ मिमी) मोटरसाठी होते. तिथे आजची मोटर २५ मिलिमीटर बाहेर येईल, किंवा मोटरला आत रोखणारा अडसर पुढे सरकवावा लागेल. मोटरचा हुक मूळ लांबीचाच आहे ना, हे बसवण्याआधी बघा. माउंट एकदा चिकटलं की ते बाहेर काढायला ट्यूब कापावी लागते.

संचाबरोबर जुन्या मोटरही आल्यात. उडवू का?

नको. काळ्या दारूचा दाबलेला गट्टू वर्षानुवर्षांच्या थंडी-उष्णतेने कवचापासून सुटतो किंवा त्याला तडा जातो. मग जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, दाब चढतो आणि मोटर फुटते. बाहेरून काहीच दिसत नाही. रिकामी खोकी आणि पत्रकं प्रदर्शनाला ठेवा. मोटर फोडून आतला मसाला काढायच्या फंदात तर अजिबात पडू नका.

मूळ डेकल ठिसूळ झालेत.

पाण्यात बुडवण्याआधी बिनमहत्त्वाचा तुकडा, नावाखालचा क्रमांक वगैरे, कापून पाण्यात टाका. तुकडे झाले तर पूर्ण पत्र्यावर डेकल फिल्म द्रव किंवा पारदर्शक लॅकरचा हलका थर द्या, एक दिवस सुकू द्या आणि प्रत्येक चित्र कडेने कापून लावा, कारण आता सगळा पत्रा एकसंध झालाय. पिवळी झालेली पारदर्शक फिल्म काचेच्या खिडकीला आतून चिकटवून काही दिवस उन्हात ठेवली तर बरीच उजळते.

नवे छापायचे असतील तर स्कॅन तसाच छापू नका. जुन्या छपाईचे ठिपके आणि भेगा त्यात येतात, अक्षरं वेक्टरमध्ये पुन्हा आखा. इंकजेटवर छापलं तर पाण्यात टाकण्याआधी लॅकरचे दोन-तीन पातळ थर अनिवार्य, नाहीतर शाई वाहते. घरगुती प्रिंटर पांढरी शाई टाकत नाही. गडद रॉकेटवरची पांढरी अक्षरं हवी असतील तर पांढऱ्या डेकल कागदावर भोवतीचा रंग छापावा लागतो, आणि तो रंग बॉडीशी तंतोतंत जुळणं कठीण.

मूळ रबरी दोरी आणि पॅराशूट वापरायचं?

दाखवायला हो, उडवायला नाही. रबर ताणून बघा, भेगा दिसतील. उडवायच्या रॉकेटला मोटर माउंटपासून केव्हलरचा दोरा आणि त्यापुढे ६ मिलिमीटरचं इलॅस्टिक, रॉकेटच्या लांबीच्या दुप्पट ते तिप्पट. केव्हलर ट्यूबच्या तोंडाबाहेर येऊ देऊ नका, झटक्यात तो पुठ्ठा उभा चिरतो. ५० ग्रॅमपर्यंत १२ इंची पॅराशूट पुरतं, १०० ग्रॅमच्या आसपास १८ इंची लागतं. हा बदल आतला आहे, बाहेरून रॉकेट मूळसारखंच दिसतं. तेव्हा इथे मूळपणाचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

गोंदाने काय बिघडतं?

दोन गोष्टी ठरलेल्या. लाकडाचा पिवळा गोंद रिंग आत ढकलताना मध्येच पकडतो आणि माउंट अर्ध्यावर अडकतं. गोंद ट्यूबच्या आत, रिंग जिथे थांबणार तिथे लावा आणि न थांबता एका हालचालीत ढकला. काठीवर आधीच खोलीची खूण करा. दुसरी, गोंदाचा जाड भराव सुकताना आकसतो आणि पातळ ट्यूब रिंगेपाशी कंबरेसारखी आत ओढली जाते. थोडा गोंद पुरतो.

फिनला दुहेरी सांधा: मुळाला आणि ट्यूबला पातळ थर, सुकू द्या, मग दुसरा थर लावून जोडा. पुठ्ठा आणि लाकडाचा हा सांधा ट्यूबच्या कागदापेक्षा मजबूत होतो. प्लॅस्टिक भागांवर हा गोंद धरत नाही, पॉलिस्टायरीनला प्लॅस्टिक सिमेंटच हवं.

रंग?

फिन आणि कोनाला सँडिंग सीलरचे तीन-चार थर, प्रत्येकानंतर ४०० नंबर. फ्लोरोसंट रंग हवा असेल तर खाली शुभ्र पांढरा द्या. इनॅमलवर लॅकर मारू नका, सुरकुततं.

उडवण्याआधी स्थिर आहे हे कसं तपासायचं?

आराखडा हुबेहूब असला तरी वजनं बदललेली असतात, म्हणून तपासणी टाळू नका. मोटर आणि पॅराशूट भरून रॉकेट दोरीवर तोला, तो गुरुत्वमध्य. दाबमध्य, म्हणजे हवेचा जोर जिथे एकवटतो तो बिंदू, जेम्स बॅरोमन यांच्या १९६६ च्या समीकरणांनी निघतो. ओपनरॉकेट हा मोफत प्रोग्राम तेच गणित करून देतो. गुरुत्वमध्य दाबमध्याच्या किमान एक व्यास पुढे हवा, बीटी-५० च्या रॉकेटला २५ मिलिमीटर.

कमी पडला तर कोनात वजन घाला. समजा रॉकेट ६० ग्रॅमचं, गुरुत्वमध्य १० मिलिमीटर पुढे न्यायचाय आणि कोनातली जागा सध्याच्या गुरुत्वमध्यापासून २०० मिलिमीटर पुढे आहे: ६० × १० ÷ (२०० − १०) = ३.२ ग्रॅम. त्याहून जास्त लागत असेल तर आधी शेपटीकडचा जास्तीचा गोंद आणि रंग बघा.

पहिलं उड्डाण छोट्या मोटरवर करा. अमेरिकेच्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या संहितेप्रमाणे डी किंवा त्याहून लहान मोटरला १५ फूट दूर उभं राहायचं, वारा ताशी २० मैलांहून जास्त नको, दांडी उभ्या रेषेपासून ३० अंशांच्या आत.

हे रॉकेट 'मूळ' म्हणून विकता येईल का?

नाही. मूळ भाग वापरून पूर्ण केलेलं ते पुनर्निर्मित, सगळंच नवं असेल तर ती प्रतिकृती. नव्या ट्यूबच्या आत, मोटर माउंटच्या वर, बनवल्याचं वर्ष आणि बदललेल्या भागांची यादी न पुसणाऱ्या शाईने लिहा. उरलेले मूळ तुकडे, तुटका फिन किंवा फाटका शंकूसुद्धा, स्कॅनच्या छापील प्रतीसह आम्लरहित पाकिटात ठेवा. पुढे कुणाला त्याच संचाची मापं लागली तर तुमच्या प्रतिकृतीपेक्षा त्या तुकड्यांवरचं माप जास्त भरवशाचं असेल.